पिवळ्या पाटीची गाडी आणि मुरुडचा राजवाडा

पुण्याहून निघून मुरुडच्या नवाबाचा राजवाडा पाहायचा आणि त्याच रात्री घरी परतायचे, असा बेत असेल तर व्यवहारात एकच साधन उरते, ते म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याने घेतलेली गाडी. मुरुडला रेल्वे पोहोचलेली नाही. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते रोहा स्थानकही तेथून बरेच अलीकडे, डोंगरापल्याड आहे. एस.टी.ने जाता येते, परंतु गाडी बदलण्यात आणि वाट पाहण्यात दिवस सरतो आणि मुक्काम अटळ होतो. स्वतःची गाडी स्वतः चालवत नेणाऱ्याच्या वाट्याला घाट आणि समोरून येणारे टँकर येतात, आजूबाजूचा प्रदेश येत नाही. म्हणूनच पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांत, विशेषतः ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना किंवा परदेशी असलेली मुले सुटीवर आली असताना, दिवसभराची गाडी सांगण्याची रीत रुजली आहे, आणि तिचे स्वतःचे नियम, स्वतःची भाषा आणि स्वतःचे कागदही तयार झाले आहेत.

त्यांतला पहिला नियम पाटीचा. ज्या मोटारीच्या नंबरप्लेटवर पिवळ्या रंगावर काळी अक्षरे असतात ती भाड्याने देण्यासाठी नोंदवलेली, आणि पांढऱ्यावर काळी अक्षरे असतात ती खाजगी. ओळखीच्या माणसाने पांढऱ्या पाटीची गाडी चार पैसे कमी घेऊन दिली, तरी १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ती भाड्याने चालवता येत नाही, आणि अपघात झालाच तर विम्याचा दावा अडकतो, हे गाडी सांगणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते. दुसरा नियम किलोमीटरांचा. शहराबाहेरच्या प्रवासासाठी दिवसाला किमान अमुक किलोमीटर, बहुधा ३००, धरले जातात. गाडी कमी चालली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात, जास्त चालली तर वरचे किलोमीटर निराळे मोजले जातात, आणि ही मोजणी ग्राहकाच्या दारापासून न होता ‘गॅरेज टू गॅरेज’, म्हणजे गाडी तिच्या मुक्कामाच्या जागेवरून निघून तिथे परत लागेपर्यंत होते. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता यांचा हिशेब वेगळा. हे सारे ज्या कागदावर उतरते त्याला ड्यूटी स्लिप म्हणतात: वहीच्या पानाएवढा, खाली कार्बन घातलेला कागद, त्यावर ओपनिंग आणि क्लोजिंग किलोमीटरचे रकाने, निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ, आणि तळाशी ग्राहकाच्या सहीची रेघ. मोबाईलवर गाडी मागवण्याच्या दिवसांतही लांबच्या प्रवासात हा कागद अनेक ठिकाणी टिकून आहे, कारण रात्री दहा वाजता किलोमीटरांवरून वाद झाला की पुरावा म्हणून तोच पुढे येतो.

गाड्या बदलत गेल्या, आणि त्यांतल्या काही पुण्याच्याच मातीतल्या होत्या. एकेकाळी अ‍ॅम्बॅसडरमध्ये पुढे तिघे आणि मागे चौघे कोंबून कोकणात उतरण्याचा प्रघात होता. मोठ्या कुटुंबांसाठी आकुर्डीच्या बजाज टेंपोची ट्रॅक्स आली. १९९४ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, सुमो आणली, जिच्या नावात कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे आहेत. २००५ साली इनोव्हा आली आणि ‘दहा जण बसतील’ ही शेखी मागे पडून ‘सहा जण आरामात’ ही मागणी पुढे आली. सुमोच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसून घाट उतरलेल्या पिढीला गाडी लागणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. आल्याच्या वड्या, लिंबू आणि आवळासुपारी यांचा डबा त्या काळात सामानात सर्वांत आधी भरला जाई.

या व्यवहारातील खरा जाणकार ड्रायव्हर. त्याला कुटुंबातील लहान मुले काका आणि मोठी माणसे दादा म्हणतात. पहिल्या चहापर्यंत तो ‘अहो ड्रायव्हर’ असतो आणि घाट उतरून झाल्यावर त्याच्या गावाची, मुलांच्या शाळेची चौकशी सुरू होते. पावसाळ्यात ताम्हिणीत दरड आली आहे का, कोणत्या खानावळीत ताजा मासा मिळतो, राजपुरीच्या धक्क्यावर भरतीची वेळ काय, ही माहिती त्याला दुसऱ्या ड्रायव्हरांकडून फोनवर मिळते, आणि ती सहसा अचूक असते. प्रवासी आणणाऱ्या ड्रायव्हरला अनेक खानावळी जेवण फुकट देतात, त्यामुळे तो सुचवेल ती खानावळ सर्वोत्तम असेलच असे नाही, एवढे भान ठेवलेले बरे.

पहाटे पाचच्या सुमारास निघालेली गाडी चांदणी चौक, पिरंगुट, पौड ओलांडून मुळशीच्या जलाशयाकडेने जाते. या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. टाटांच्या या धरणाचे पाणी पुण्याच्या बाजूला न येता सह्याद्रीतून पलीकडे सोडले जाते आणि पायथ्याच्या भिरा येथे त्यावर वीज निर्माण होते. पुढे ताम्हिणीचा उतार, विळे, कोलाड आणि रोहा असा मार्ग. रोह्यापासून मुरुडपर्यंतची वाट टेकड्यांतून जाते, आणि तिच्या उत्तरेला फणसाडचे अभयारण्य आहे. ते १९८६ साली घोषित झाले. त्याआधी ते नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. म्हणजे राजवाडा दिसण्यापूर्वीच प्रवासी नवाबाच्या मुलखात शिरलेला असतो.

हा मुलूख पुणेकराला वाटतो तितका परका नाही. जंजिरा संस्थानचे सिद्दी राज्यकर्ते मूळचे आफ्रिकेतील हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरातले. जंजिरा हा शब्दही बेट या अर्थाच्या अरबी ‘जझीरा’वरून आला. त्यांच्याच अमलाखालच्या श्रीवर्धन गावचे भट घराणे सिद्दीच्या जाचामुळे घाटावर आले असे सांगितले जाते, आणि त्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवा झाले. त्यांचे धाकटे पुत्र चिमाजी अप्पा यांनी १७३६ साली रेवसजवळच्या लढाईत जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याला ठार केले. शनिवारवाड्याची कुळकथा अशी सिद्दीच्या किनाऱ्यापर्यंत मागे जाते, आणि ताम्हिणी उतरणारी गाडी, वाट निराळी असली तरी, भटांच्या त्या स्थलांतराच्या उलट दिशेने जात असते. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना न मिळालेला जंजिरा किल्ला पेशव्यांनाही मिळाला नाही; १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तो सिद्दींकडेच राहिला.

राजवाड्याचा अर्थ या किल्ल्याशेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही. बेटावरील तटाच्या आत सिद्दी सुरूलखानाच्या अनेकमजली वाड्याचे भग्नावशेष आजही उभे आहेत. चहूबाजूंनी पाणी, दरवाजा जवळ येईपर्यंत न दिसणारा, भिंती तोफांसाठी बांधलेल्या, असे ते राहणे होते, आणि समुद्र ही त्या वाड्याची संरक्षक भिंत होती. १८७९ साली वयात येण्यापूर्वीच गादीवर आलेले सिद्दी अहमदखान यांचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाले. त्यांनी १८८५च्या सुमारास मुख्य भूमीवर, मुरुड गावाच्या उत्तरेला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या कड्यावर नवा राजवाडा बांधला, तोच अहमदगंज. आरमाराचे दिवस संपले होते, ब्रिटिशांचा वचक बसला होता, हल्ल्याची भीती उरली नव्हती. तेव्हा समुद्र हे पाहण्याचे दृश्य झाले. सज्जे, खिडक्या आणि कमानी पश्चिमेकडे उघडणारे घर बांधण्याची मुभा या घराण्याला प्रथमच मिळाली होती, आणि तिची किंमत म्हणजे स्वतंत्र सत्ता. ही वास्तू सुंदर आहेच, पण तिचे खरे मोल या अदलाबदलीची साक्ष म्हणून अधिक आहे.

तिच्या शैलीत घुमटाकार छत्र्या मुघल घराण्यातल्या आणि टोकदार कमानी युरोपीय गॉथिक वळणाच्या आहेत. अशा मिश्रणाला वास्तुकलेच्या इतिहासात इंडो-सारसेनिक म्हणतात, म्हणजे ब्रिटिश काळातील असे बांधकाम ज्यात भारतीय-इस्लामी रूपे आणि युरोपीय आराखडा एकत्र येतात. मुंबईत बोरीबंदरचे स्थानक याच दशकात पुरे होत होते. पुणेकराने तुलनेसाठी गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य इमारत आठवावी: गव्हर्नरासाठी १८६४ साली सुरू होऊन १८७१ साली पुरी झालेली ती वास्तू उंच मनोऱ्यासह निःसंकोच युरोपीय आहे, तर मुरुडच्या नवाबाने युरोपचे घेतले तरी माथ्यावर घुमटच ठेवले.

या घरातील स्त्रियांविषयी मात्र पर्यटनाच्या पुस्तिका गप्प असतात. अहमदखानांच्या पत्नी नाझली बेगम या फैजी घराण्यातल्या, लेखिका आणि संगीताच्या अभ्यासक अतिया फैजी यांच्या भगिनी. १९०८ साली त्या नवाबांसमवेत युरोपला गेल्या आणि त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी ‘सैर-ए-युरोप’ या उर्दू पुस्तकात केले. १९१३ साली त्यांचा घटस्फोट झाला. उर्दूतील नामवंत विद्वान शिबली नोमानी यांनीही जंजिऱ्याचा पाहुणचार घेतला होता. म्हणजे आज ज्याच्याकडे रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या भयपटातला वाडा म्हणून बोट दाखवले जाते, त्या घराण्याची बैठक कधीकाळी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांची होती. भुताच्या गोष्टी चटकन पसरतात हे खरे, पण मुरुडच्या बाबतीत त्या खऱ्या गोष्टींपेक्षा कमी रंजक आहेत.

राजवाडा नवाबाच्या वारसांची खाजगी मालमत्ता आहे आणि आत प्रवेश नाही. ही गोष्ट गाडी सांगतानाच कुटुंबातील सर्वांना सांगून ठेवावी, कारण फाटकाशी पोहोचल्यावर पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्धा तास घालवणारे प्रवासी दर रविवारी भेटतात. रोह्याकडून येणारी गाडी थेट गावात उतरते, तेव्हा राजवाड्यासाठी काशीदच्या रस्त्याने उत्तरेला थोडे जावे लागते. काशीद, नांदगाव या बाजूने येणाऱ्यांना तो गावाआधीच दिसतो. पाहण्याची चांगली वेळ दुपार कलल्यानंतरची, कारण समुद्राकडच्या दर्शनी बाजूवर तेव्हाच ऊन येते. सकाळी ती सावलीत असते. म्हणून जाणते ड्रायव्हर आधी राजपुरीला जाऊन शिडाच्या होडीने किल्ला करून घेतात, मग जेवण, आणि राजवाडा परतीच्या तोंडावर ठेवतात. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, पण राजवाडा रस्त्यावरून दिसतच राहतो.

वेळ उरल्यास राजपुरीजवळच्या खोकरी येथील सिद्दींच्या कबरी अवश्य पाहाव्यात. सुरूलखान, सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान आणि त्यांचे बंधू खैरियतखान यांच्या या दगडी वास्तू आहेत, आणि ज्यांना बंद फाटकाने हिरमुसले केले त्यांना येथे दगडावरची जाळी आणि कमानींचे काम हात लावण्याच्या अंतरावरून पाहता येते. गावातील सर एस. ए. हायस्कूल या नावातील एस. ए. म्हणजे सिद्दी अहमद. किनाऱ्यामागच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांना ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने मोठा फटका दिला. सुपारीचे झाड उत्पन्न द्यायला काही वर्षे घेते, हे माहीत असलेल्याला त्या वाड्यांतील उंच-बुटक्या झाडांची रांग निराळी दिसते.

आत जाऊन पाहता येईल असा किनाऱ्यावरचा राजवाडा ज्यांना हवा आहे त्यांनी रत्नागिरीचा थिबा पॅलेस गाठावा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याचे राज्य १८८५ साली, म्हणजे मुरुडचा वाडा उभा राहत होता त्याच सुमारास, ब्रिटिशांनी जिंकले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला जांभा दगडाचा आणि सागवानाचा राजवाडा १९१० साली पुरा झाला, आणि १९१६ साली तो तेथेच वारला. ती वास्तू सरकारी असून तेथे संग्रहालय आहे. अडचण अंतराची आहे: पुण्याहून रत्नागिरी सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचे किमान किलोमीटर केवळ जाण्यातच संपतात, आणि ड्रायव्हरला परतीचा घाट रात्री चढायला लावणे धोक्याचे आहे. मुरुडचे जाणे-येणे मात्र सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास बसते. दराच्या तक्त्याशी इतके नेमके जुळणारे कोकणातील दुसरे ऐतिहासिक ठिकाण पुण्याला क्वचितच मिळेल.

परतीला सूर्यास्तापूर्वी मुरुड सोडलेले चांगले, कारण ताम्हिणीत दिव्यांचे खांब नाहीत आणि धुके असल्यास वेग निम्म्यावर येतो. काही ड्रायव्हर त्याऐवजी अलिबाग, पेण, खोपोली असा वळसा घेऊन द्रुतगती मार्गाने येतात. किलोमीटर वाढतात, टोल लागतो, पण रस्ता रुंद मिळतो, आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर तोच घ्यावा. कोणताही मार्ग धरला तरी घरी उतरल्यावर ड्यूटी स्लिपवर सही करण्यापूर्वी क्लोजिंग किलोमीटरचा रकाना भरला आहे ना, हे पाहावे, आणि गाडी गॅरेजला लागेपर्यंतचे आठ-दहा किलोमीटर त्यात जास्त धरलेले असतील तर वाद घालू नये. ते ठरलेलेच असतात.