साखरेच्या सोबतीने मीठ, मिठामागे पाणी

औषधाच्या दुकानात ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी दोन-तीन कप चहाच्या पैशांत मिळते. लिटरभर पाण्यात ती घातली की चमचा फिरवायच्या आत विरघळते. चव धड गोड नाही, धड खारट नाही. लहान मुलं तोंड वाकडं करतात. या पुडीचं काम चालतं ते लहान आतड्यातल्या पेशींच्या पटलावर. या पटलाची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षाही कमी असते. त्यात बसलेल्या एका प्रथिनाशी आज ओळख करून घेऊ. नाव रुक्ष आहे, एसजीएलटी-१. पण मुलांचे जीव वाचवण्यात याच्याइतका वाटा असलेले रेणू फार थोडे असतील.

आधी पाण्याबद्दल थोडं. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीला मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी जमतं. फोडी मऊ पडतात, कडेने जरा सुरकुततात. ते पाणी कुणी पिळून काढलेलं नसतं. बाहेर मीठ जास्त झालं म्हणून पेशींतलं पाणी आपणहून बाहेर आलेलं असतं. आपल्या आतड्यातही हाच नियम चालतो. पेशीचं पटल मेदाच्या रेणूंच्या दुहेरी थराचं असतं. त्यातून प्राणवायू सहज जातो, पाणी जेमतेम झिरपतं. बऱ्याच पेशींत खास पाण्यासाठी प्रथिनांच्या वाटाही असतात. पीटर अॅग्री यांनी १९९२ मध्ये त्या दाखवून दिल्या आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मिठातला सोडियम आणि ग्लुकोज मात्र या मेदाच्या थरातून जाऊच शकत नाहीत. त्यांना प्रथिनाची मदत लागते.

पाणी थेट ओढून घेणारा पंप आपल्या शरीरात नाही. पाणी आत घ्यायचं तर आधी क्षार आत घ्यावे लागतात, मग पाणी त्यांच्या मागे जातं. रोज आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात उतरतं. प्यायलेलं त्यात दोनेक लिटर, बाकी लाळ, जठररस, पित्त वगैरे. शौचावाटे जातं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं शरीर परत घेतं, ते असं मिठाच्या मागोमाग.

आता एसजीएलटी-१ काम कसं करतं ते पाहू. आतड्याच्या पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप सतत चालू असतो. प्रत्येक फेरीला तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध लावला. या पंपामुळे पेशीत सोडियमचा कायम तुटवडा असतो आणि आतड्याच्या पोकळीतला सोडियम आत शिरायला टपलेला असतो. एसजीएलटी-१ या ओढीचाच उपयोग करून घेतं. त्याचं तोंड पोकळीकडे उघडं असताना दोन सोडियम त्यात बसतात. ते बसले की ग्लुकोजची जागा तयार होते. ग्लुकोजचा एक रेणू येऊन बसला की बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं आणि तिघेही पेशीत उतरतात. मग रिकामं प्रथिन पुन्हा पोकळीकडे वळतं. ग्लुकोज नसेल तर या वाटेने सोडियमही आत जात नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली.

तिचं मोल कळलं ते कॉलऱ्यामुळे. कॉलऱ्याचे जंतू आतड्यात विष सोडतात, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं. हयातीत त्यांचा हवा तसा सन्मान झाला नाही, याची खंत वाटते. या विषामुळे पेशीतली क्लोराइडची दारं उघडीच राहतात. क्लोराइड पोकळीत जातो, त्याच्यामागे सोडियम आणि दोघांमागे पाणी. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. मीठ शोषण्याची नेहमीची वाटही याच वेळी बंद पडते, म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही. पण एसजीएलटी-१ला हे विष धक्का लावत नाही. ग्लुकोज दिलं की सोडियम आत जातो आणि पाणीही जातं. ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये रुग्णांवर हे दाखवून दिलं.

तरी सलाइनखेरीज इलाज नाही, असंच बहुतेक डॉक्टर मानत होते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात सीमेलगतच्या बनगाव इथे निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. रुग्णालयात जमिनीवरही रुग्ण झोपलेले, सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने द्रव द्यायचं ठरवलं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात मिश्रणं मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली जात, छावणीत पाण्यात कालवली जात आणि नातेवाईकच रुग्णांना पाजत. मृत्यूचं प्रमाण आधी शेकडा तीसच्या घरात होतं. त्यांच्या देखरेखीखाली ते ३.६ वर आलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळालं.

साखर जास्त घातली तर जास्त फायदा होईल, असं कुणाला वाटेल. होतं उलटंच. न शोषलेली साखर पोकळीत राहते आणि कैरीबाहेरच्या मिठासारखी शरीरातलं पाणी बाहेर ओढते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००२ मध्ये पुडीतली साखर आणि मीठ कमी केलं. आता लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. जोडीला पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. म्हणूनच जुलाब होणाऱ्या मुलाला शीतपेय किंवा डब्यातला गोड ज्यूस देऊ नये.

पुडी पूर्णच वापरावी. अर्धी पेलाभर पाण्यात, अर्धी उद्यासाठी, असं केल्याने प्रमाण बिघडतं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून घ्यावं, तयार द्रव चोवीस तासांत संपवावा, उरला तर फेकून द्यावा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. जुलाब याने लगेच थांबत नाहीत, त्यामुळे गुण नाही म्हणून द्रव बंद करू नका. तो गेलेलं पाणी भरून काढत असतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा काही पिईनासं झालं, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि वाटेतही पाजत राहण्याचा प्रयत्न करा.