विहिरीवरील मोटारीस वीजरक्षक

मृगाच्या तोंडीं परभणी जिल्ह्यांत विजा कडाडूं लागल्या, कीं विहिरीवरील मोटारीची चिंता उभी राहते. वीजरक्षक घेतांना शेतकरी बंधूंनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. तारांत क्षणभर उसळलेला दाब तो जमिनींत उतरवितो; परंतु ४१५ व्होल्टांचा दाब घटून राहिला किंवा एक फेज गेली, तर तो निरुपयोगी; त्यासाठीं निराळें साधन हवें. अर्थिंग बिघडलेलें असल्यास वीजरक्षकाचा खर्च व्यर्थच होय; कारण दाबास उतरण्यास वाट उरत नाहीं. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व सळईपासून सुटते. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रथम अर्थिंग तपासून घ्यावें, खड्डा ओला ठेवावा, मगच खरेदी करावी. थेट पडणाऱ्या विजेपुढें मात्र हें साधन पुरें पडेलच असें नाहीं. वादळापूर्वींच मोटार बंद करून दूर व्हावें.