नावात मृत्यू, काम मात्र ब्रेकचं

'पीडी-१' या रेणूचं नाव खरं तर एका चुकलेल्या अंदाजाची खूण आहे. क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा हे संशोधक विद्यार्थी एक कोडं सोडवत होते: प्रतिकारशक्तीच्या ज्या टी पेशी आपल्याच शरीरावर उलटू शकतात, त्या थायमस ग्रंथीत स्वतःहून मरतात कशा? मरू घातलेल्या पेशींत जागं होणारं एक जनुक त्यांना सापडलं. १९९२मध्ये ते 'प्रोग्रॅम्ड डेथ-१' या भारदस्त नावाने प्रसिद्ध झालं.

पुढे हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडू लागली. म्हणजे पीडी-१ टी पेशींना मारत नव्हता, आवरत होता.

कर्करोगाच्या कितीतरी गाठी नेमका हाच ब्रेक दाबून बचावतात. तो सोडवणारं निव्होलुमॅब हे औषध २०१४मध्ये जपानमध्ये मंजूर झालं. २०१८चं नोबेल होंजो आणि अमेरिकेचे जेम्स अॅलिसन यांना विभागून मिळालं.

औषध महागडं, आणि बऱ्याच रुग्णांना लागूच पडत नाही. ते कोणाला लागू पडेल, हे आधी ओळखायला बहुधा गाठीचा तुकडा तपासावा लागतो. म्हणून रक्तातल्या खुणांचा शोध सुरू आहे. त्यातली एक साध्या सीबीसीच्या रिपोर्टमध्येच असते: न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर. ते जास्त असलेल्या रुग्णांना या उपचाराचा फायदा सहसा कमी झालेला दिसतो. मात्र केवळ तेवढ्यावरून उपचार द्यायचा की नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत.