यहूदाचा सौदा आणि मराठीतली चारशे वर्षे

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. १६१६ साली राशोलला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. येशूच्या दुःखसहनाची कथा आणि तिच्यातला त्याला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत असे ओवीतून मराठीत आले.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात यहूदाला कोणी बोलावणे धाडत नाही. तो आपल्या पायांनी मुख्य याजकांकडे जातो, येशूला धरून दिले तर काय द्याल म्हणून विचारतो आणि चांदीची तीस नाणी घेतो. जुन्या नियमशास्त्रात बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई नेमकी तेवढीच. लूक आणि योहान सांगतात की सैतान त्याच्यात शिरला. तरी जबाबदारी सुटत नाही. शास्त्रात लिहिल्याप्रमाणे घडणार, पण घडवणाऱ्याची धडगत नाही, असे येशू शेवटच्या भोजनाच्या पंगतीत बजावतो. भविष्यवाणीची ढाल यहूदाला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

जबाबदारी एका माणसाची, हे स्पष्ट असूनही युरोपने यहूदाचा दोष शतकानुशतके सगळ्या यहुद्यांच्या माथी मारला. त्या द्वेषाची धग गोव्यालाही लागली. स्टीफन्स येण्याआधी दहा वर्षे, १५६९ साली, वैद्य गार्सिया द ओर्ताच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळले. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा आरोप होता. १५८० साली खुद्द गार्सियाच्या अस्थी उकरून जाळल्या. कोणाच्या सौद्याची शिक्षा कोणाला! यहुद्यांवरचा हा सामुदायिक दोष कॅथलिक चर्चने अधिकृतपणे नाकारला तो थेट १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

दरम्यान मराठीत बायबलची भाषांतरे येत राहिली. १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरचा मोडी लिपीतला नवा करार, १९२४ साली पंडिता रमाबाईंचे बायबल, २०१० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’.

या सगळ्यांत मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय आहेच, आणि यहूदाची दुसरी निवड त्यात आहे. त्याला पस्तावा होतो. निर्दोष माणसाला धरून दिले, अशी कबुली देऊन तो पैसे परत करू पाहतो. याजक हात झटकतात, तेव्हा नाणी मंदिरात फेकून तो गळफास घेतो. येशूला धरले त्या रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्यानेही तीनदा गुरूची ओळख नाकारली होती. तो ढसाढसा रडला, पण सोबत्यांत परतला. दोघांनाही पश्चात्ताप झाला. परतीची वाट एकानेच धरली.

शुभशुक्रवारी हे दोन्ही अध्याय सलग वाचा. यहूदाला शिव्या घालून थांबू नका, पेत्रापर्यंत या.