उद्याची वीज आज मोजणारे यंत्र

पश्चिमेचा ढग पाहून लोक पाऊस ओळखतात, हा दाखला प्रभू येशूने दिल्याचे संत लूक सांगतो (अध्याय १२). पेडणे-डिचोलीच्या आमच्या शेतकरी बंधुभगिनींना ही विद्या नवी नाही. आता विजेच्या बाबतीत हेच काम संगणक करू लागला आहे. आपल्या पंपाशी त्याचा काय संबंध, असे काहींनी विचारले, म्हणून हे लिहीत आहोत.

गोव्यात स्वतःचे मोठे वीज केंद्र नाही. आपली बरीचशी वीज छत्तीसगडातील कोरबा, मध्यप्रदेशातील विंध्याचल अशा दूरच्या कोळसा-केंद्रांतून येते. भात कणगीत भरून ठेवता येते. वीज तशी मोठ्या प्रमाणावर साठवणे अजून महाग पडते. जितकी खपते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. म्हणून दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि कोणत्या भागात किती वीज घेणार, हे राज्यांना आदल्या दिवशीच कळवावे लागते. पश्चिम विभागाचा हा मेळ मुंबईच्या केंद्रात घालतात. कोळसा हुकमी जळतो. ऊन-वारा हुकमी नाही, आणि त्यांच्या विजेचा वाटा तर वाढतो आहे.

यावर संशोधकांनी संगणकालाच शिकवायला घेतले. मागील वर्षांचे ढग, वारा, तापमान आणि त्या त्या वेळी प्रत्यक्ष निघालेली वीज, असे लाखो आकडे त्याला दाखवतात. कोणत्या हवेत किती वीज, याचा नियम कोणी लिहून देत नाही. तो त्याचा त्यानेच शोधायचा. अंदाज चुकला की आपला हिशेब किंचित बदलतो आणि पुन्हा ताडून पाहतो. नव्या बैलाला जोताची सवय लावावी, तसेच हे. २०१९ साली गूगलच्या डीपमाइंड संस्थेने अमेरिकेतील ७०० मेगावॅटच्या पवनचक्क्यांची वीज ३६ तास आधी वर्तवून दाखवली. किती वीज देणार हे आधी सांगता आल्यामुळे तिचे मोल सुमारे २० टक्क्यांनी वाढले, असे त्या संस्थेचे म्हणणे आहे.

पण मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे झाडे तारांवर पडली, खांब मोडले. कोणती फांदी कोणत्या तारेवर पडेल, हे मुंबईचा संगणक सांगत नाही. तारेला टेकलेली फांदी पावसाआधी छाटलीच पाहिजे. मात्र ती स्वतः छाटू नका, वीज खात्याचा माणूस बोलवा.

छपरावर सोलर पॅनेल बसवणाऱ्यांसाठी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजना आहे. अशा घरांमुळे अंदाज आणखी कठीण होतो, कारण ढग आला की ती सगळी एकदम सरकारी लाइनवर येतात. तरीही पॅनेल जरूर बसवावीत, असे आम्ही म्हणू. एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या. लाइनला जोडलेले साधे सोलर, बॅटरी नसेल तर, लाइन जाताच आपणही बंद पडते, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये, म्हणून तशी सोय केलेली असते. तेव्हा लाइन गेल्यावरही कुळागराला पाणी हवे असेल, तर बॅटरीचा खर्च धरा किंवा लाइनशी न जोडलेला स्वतंत्र सोलर पंप घ्या.