‘हीटर’ या शब्दाचे दोन अर्थ आणि जुन्या पिकअपची थंड केबिन

सोलापूरसारख्या उष्ण हवेच्या नगरात वाहनाच्या केबिनमधील ऊब हा विषय विवेचनास घ्यावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याचा संभव आहे. मे महिन्यात येथील पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि इंजिन तापू नये हीच चालकाची सारी विवंचना असते. मार्गशीर्ष-पौषातील स्थिती मात्र निराळी. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची मोठी आवक होते, आणि मोहोळ, बार्शी, करमाळा, अक्कलकोट या भागांतील पिकअप गाड्या लिलावाची वेळ साधण्यासाठी रात्रीच वाटेला लागतात. पुण्याच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांना तर भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्याच्या काठाने धुक्यातून जावे लागते. अशा वेळी चालकाच्या श्वासातील बाष्प पुढील काचेवर आतून साचते. फडके एका हाताने फिरवीत दुसऱ्या हाताने सुकाणू धरणे हा मग नित्याचा प्रकार होतो. ऊब हा तेथे चैनीचा नव्हे, तर रस्ता दिसण्याचा प्रश्न असतो.

हा दोष दुरुस्त होण्याच्या मार्गात पहिली अडचण यंत्राची नसून शब्दाची आहे. सोलापुरातील गॅरेजात ‘हीटर’ हा शब्द दोन भिन्न वस्तूंना लावला जातो. जुन्या डिझेल इंजिनांपैकी ज्यांत इंधनाची फवारणी थेट मुख्य दहनकक्षात न होता लगतच्या लहान कक्षात होते, त्यांत थंड इंजिन सुरू करण्यासाठी विजेने तापणारी कांडी बसवलेली असते. हिला ‘हीटर प्लग’ म्हणतात आणि नित्याच्या बोलण्यात त्यातील ‘प्लग’ गळून पडतो. ‘हीटर देऊन गाडी मार’ या वाक्यात अभिप्रेत असतो तो हाच हीटर. दुसरा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागील गरम हवेची पेटी. पौषातल्या पहाटे चालक येऊन म्हणतो, “मेस्त्री, हीटर काम करेना की.” मेस्त्री प्लग काढून बॅटरीवर तपासतो, एखादा बदलतो आणि गाडी परत करतो. गाडी पूर्वीपेक्षा चटकन सुरू होते. केबिन मात्र तितकीच थंड राहते. यात अज्ञान कोणाचेच नाही. मराठी वाक्य दोन्ही अर्थांना सारखेच वश आहे, एवढेच.

‘तापक’ असा संस्कृतोद्भव पर्याय योजल्याने ही अडचण दूर होत नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. कांडीही तापक आणि पेटीही तापकच. संदिग्धता परकीय शब्दामुळे आलेली नसून विशेषण गळल्यामुळे आलेली आहे. तेव्हा ‘केबिनचा हीटर’ आणि ‘हीटर प्लग’ असे पूर्ण उच्चारणे हाच उपाय.

गॅरेजची भाषा एरवी किती समर्थ आहे, हे याच शब्दांच्या शेजाऱ्यांवरून दिसते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी यांचा सोलापुरात नित्य व्यवहार आहे. त्यांतील सर्वांना समजेल असा शब्द येथे टिकतो. ‘मेस्त्री’ हा पोर्तुगीज शब्द मराठीप्रमाणेच कन्नड व तेलुगूतही रुळलेला आहे. क्लीनरचा ‘किन्नर’ झाला, आणि स्वर्गीय गायकांचे नाव पान्हे पुसणाऱ्या पोऱ्यास मिळाले. इंग्रजी व्हॉल्व्हमधील अंत्य जोडाक्षर सोडून ‘वॉल’ उरला. रेडिएटरचे कोठे कोठे ‘रेडीवाटर’ होते, कारण त्यात पाणी असते हे सर्वांस ठाऊक आहे. लोकव्युत्पत्तीचे याहून बोलके उदाहरण विरळा. पाण्याच्या पंपास ‘वॉटरबॉडी’ म्हणतात. चालकाच्या वाक्यातील ‘करेना’ हे रूपही अर्थवाही आहे. ‘काम करत नाही’ या विधानात केवळ वस्तुस्थिती सांगितली जाते. ‘काम करेना’ म्हणणाऱ्याने आधी प्रयत्न करून पाहिलेला असतो. चतुर मेस्त्री हा भेद ऐकतो आणि “काय काय करून बघितलंत?” असे विचारतो.

आता मूळ व्यवस्थेकडे वळू. केबिनच्या हीटरात स्वतःची उष्णता मुळीच नसते. इंजिन थंड ठेवणारे पाणी इंजिनातून फिरताना तापते; त्या पाण्याची एक शाखा रबरी नळीने केबिनच्या भिंतीपलीकडील लहान रेडिएटरात नेलेली असते. त्यावरून पंख्याने हवा फुंकली की ती गरम होऊन पायांकडे व काचेकडे जाते. म्हणजे हीटर हा इंजिनाच्या उष्णतेचा निव्वळ वाटेकरी आहे. पाणी पुरेसे तापले नाही, तापूनही तेथवर पोहोचले नाही, किंवा पोहोचूनही हवेला ऊब मिळाली नाही, या तीन कारणांपलीकडे चौथे कारण संभवत नाही.

तिन्हींचा निवाडा करण्यास हात पुरतो. इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून, हीटरची कळ पूर्ण गरमकडे ठेवून, पंख्याचा पट्टा सांभाळून भिंतीत शिरणाऱ्या दोन्ही नळ्यांना स्पर्श करावा. दोन्ही कोमट लागल्या तर पाणीच तापलेले नाही. एक चटका देणारी आणि दुसरी थंड असेल तर प्रवाह अडला आहे. दोन्ही कडक गरम असूनही हवा गार येत असेल तर दोष हवेच्या बाजूचा होय.

सोलापूर परिसरात पहिली स्थिती विशेष आढळते, आणि तिचे मूळ उन्हाळ्यात असते. इंजिन व रेडिएटर यांच्या दरम्यान थर्मोस्टॅट नावाची मेणाच्या प्रसरणावर उघडणारी झडप असते. पाणी थंड असेतो ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. पाणी बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ठरलेल्या उष्णतेस पोहोचले की उघडू लागते. उन्हाळ्यात गाडी उकळली की ‘वॉल काढून टाका’ हा सल्ला हमखास दिला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. अडकून बंद राहिलेली झडप इंजिनाचा घात करू शकते, आणि भर रस्त्यात ती काढणे हा तात्पुरता इलाज ठरतो. परंतु तात्पुरते येथे कायमचे होते. झडप नसल्याने थंडीत पाणी प्रथमपासूनच रेडिएटरातून फिरते, इंजिन योग्य उष्णतेस पोहोचत नाही, डिझेल अधिक जळते, तेलात काजळी व ओल साठते, आणि केबिनला ऊब मिळत नाही ती वेगळीच.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अनेक इंजिनांत झडपेला दोन तोंडे असतात: एक रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी दुसरे पाणी परस्पर इंजिनात परत नेणारी आडवाट बंद करते. अशी झडप काढली की आडवाट सदैव उघडी राहते, आणि उन्हाळ्यात काही गरम पाणी रेडिएटरास न भेटताच परत फिरते. म्हणजे जे इंजिन थंड राहावे म्हणून वॉल काढला, तेच मेच्या चढावर अधिक तापते. हे न समजल्याने पुढे रेडिएटर, मग वॉटरबॉडी, मग हेडचे पॅकिंग अशी खर्चाची साखळी सुरू होते. या साऱ्या खर्चाच्या मानाने झडप अगदी किरकोळ किमतीची असते.

नवी झडप बसवण्यापूर्वी ती घरीच पारखता येते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात झडप दोऱ्याने टांगावी, तळाला टेकू देऊ नये. शेजारी उष्णतामापक धरून पाणी तापवावे. झडपेवर कोरलेल्या अंकाच्या आसपास ती उघडू लागली आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटली, तर ती निर्दोष समजावी. काही झडपांच्या चकतीत एक हलणारी बारीक खीळ असते; बसवताना ती बाजू वर यावी, म्हणजे अडकलेल्या हवेला वाट मिळते.

हवा अडकणे हे दुसऱ्या स्थितीचे सर्वांत साधे कारण. हीटरचा रेडिएटर उंचावर असल्याने पाणी कमी पडले की प्रथम तोच रिकामा होतो, आणि डॅशबोर्डामागे खळखळ ऐकू येते. गाडीचे तोंड चढाकडे करून, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढावे, कळ गरमकडे ठेवावी व इंजिन संथ चालू द्यावे. झडप उघडेपर्यंत बुडबुडे येत राहतात. ते थांबेतो पाणी पुरे करीत जावे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. आत दाब असतो, आणि त्याने उसळणारे पाणी तोंड भाजते. पाणी वारंवार कमी होत असेल तर हवा काढत बसण्यात अर्थ नाही, गळती शोधावी.

प्रवाह अडण्याचे याहून चिवट कारण विंधन विहिरीचे पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातील पाण्यात क्षार बरेच असतात, आणि तेच वर्षानुवर्षे रेडिएटरात ओतले जाते. तापल्यावर क्षार भांड्याच्या बुडाप्रमाणेच नळ्यांत बसतात, आणि हीटरच्या बारीक नळ्या मोठ्या रेडिएटरच्या आधी बुजतात. अशा वेळी दोन्ही रबरी नळ्या सोडवून पाणी उलट दिशेने, म्हणजे बाहेर येण्याच्या तोंडातून, बेताच्या दाबाने सोडावे. गढूळ व पांढरट पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. नळाचा पूर्ण जोर लावल्यास जुनी जोडणी फुटते. नंतर बाटलीतील शुद्ध पाणी व कूलंट निम्मेनिम्मे भरावे. कूलंट म्हणजे केवळ बर्फाळ प्रदेशाचे औषध, ही समजूत येथे दृढ आहे. वस्तुतः त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो व गंज रोखला जातो, आणि या दोन्हींची गरज मनालीपेक्षा मंगळवेढ्यास कमी नाही.

कित्येक जुन्या गाड्यांत मात्र नळ्या हीटरकडे जातच नाहीत. कधी काळी हीटरचा रेडिएटर गळला, क्लीनरच्या बाजूची चटई भिजली, काचेवर गोडसर वासाचा चिकट थर बसू लागला, तेव्हा कोणीतरी दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून दिल्या. नंतरच्या मालकास हे ठाऊक नसते. म्हणून खरेदी केलेल्या जुन्या गाडीत अन्य काही करण्याआधी या नळ्या कोठवर जातात ते डोळ्यांनी पाहावे.

हवेच्या बाजूचे दोष थोडक्यात सांगता येतील. कळीची तार निसटणे, पडदा अर्धवट फिरणे, त्याच्या कडेचा स्पंज झिजून बाहेरची गार हवा मिसळणे, पंखा मंद होणे, आणि पेटीत धुळीचा व कांद्याच्या पातीचा थर साचणे, हे ते होत.

ऊब मिळत नाही म्हणून योजल्या जाणाऱ्या दोन युक्त्यांविषयी मात्र सावधगिरी आवश्यक आहे. रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा गोणपाट लावल्याने पहाटे लाभ होतो. पण सोलापूरचा दिवस पौषातही दुपारी तापतो, आणि विसरलेला पुठ्ठा इंजिन उकळवतो. दुसरी युक्ती अधिक घातक. इंजिनाकडील भिंतीतील रबरी बुचे काढून, किंवा निघालेली तशीच ठेवून, त्या भोकांतून येणारी ऊब घेतली जाते. सायलेन्सरच्या जोडावर बारीकशी गळती असेल तर त्याच वाटेने धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड वायू आत येतो. त्यास रंग नाही, गंध नाही. डोके जड होणे व झापड येणे ही त्याची लक्षणे पहाटेच्या चालकास झोपेचीच वाटतात. काचा बंद असलेल्या केबिनमध्ये दोघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली, तर गाडी थांबवून दोन्ही दारे उघडावीत व बाहेर यावे. हीटरचे काम नंतर. प्रथम सायलेन्सरचा जोड आणि ती बुचे तपासून घ्यावीत.