बेने इस्रायल घरातील शोकाचे वर्ष

कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या आणि मराठीच मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजात आई किंवा वडील वारल्यावर पाळावयाचा शोक यहुदी धर्मशास्त्राने तीन मुदतींत बांधून दिला आहे : दफनापासूनचे सात दिवस म्हणजे ‘शिवा’, तीस दिवस म्हणजे ‘शेलोशीम’, आणि त्यापुढे बाराव्या महिन्यापर्यंतचा काळ. पती-पत्नी, भावंडे वा अपत्य यांच्यासाठीचा विधिपूर्वक शोक तिसाव्या दिवशी संपतो. वर्षभराचा शोक केवळ आईवडिलांसाठी आहे, आणि या परंपरेत जन्मदात्यांचे स्थान किती वरचे आहे ते यावरूनच कळते.

हाच भेद ‘केरिया’ या वस्त्र फाडण्याच्या विधीतही दिसतो. इतर आप्तांसाठी वस्त्र उजव्या बाजूला फाडतात, तर आईवडिलांसाठी ते डावीकडे, हृदयाच्या बाजूला फाडावे लागते, आणि तीस दिवसांनी त्याला वरवरचे टाके घालता आले तरी ते पूर्ववत शिवण्यास शास्त्राची अनुमती नाही. झालेली हानी कधीच पूर्ण भरून निघत नाही, हे याहून स्पष्टपणे सांगणारा विधी क्वचितच आढळेल.

दफन शक्य तितक्या लवकर, मृतदेहाला स्नान घालून व साधे पांढरे वस्त्र गुंडाळून केले जाते. त्यानंतर सात दिवस घरचे लोक बुटक्या आसनावर बसतात आणि दाढी व चामड्याची पादत्राणे वर्ज्य करतात. मात्र शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी उघड शोक थांबतो. दफनानंतरचे पहिले जेवण इतरांनी आणावयाचे असते. सुतकात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून डबे येण्याची रीत पाहिलेल्या सोलापूरच्या वाचकाला ही प्रथा परकी वाटणार नाही.

अपत्याचे मुख्य कर्तव्य म्हणजे ‘कद्दीश’. अरामी भाषेतील या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही. तिच्यात आहे ती केवळ ईश्वराची स्तुती. दुर्जनाच्या आत्म्याचा न्याय बारा महिने चालतो अशी समजूत असल्याने, आपले आईवडील तसे होते असे सूचित होऊ नये म्हणून, ती रूढीने अकरा महिनेच म्हटली जाते. पुढे दरवर्षी हिब्रू पंचांगातील मृत्युतिथीला दिवा लावून ती पुन्हा म्हणतात.

कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही. तिला ‘मिन्यान’, म्हणजे परंपरेप्रमाणे तेरा वर्षांवरील दहा पुरुषांची उपस्थिती, आवश्यक असते. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणल्यामुळे प्रार्थनांचा अर्थ घरोघरी पोहोचला, पण दहा माणसांची अट कोणत्याही ग्रंथाने सुटणारी नव्हती. 1948 नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि ही अट अधिकच कठीण झाली. सोलापुरातून अशा प्रार्थनेसाठी निघालेल्या माणसाला सुमारे 250 किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते, जेथे रास्ता पेठेत 1921 साली बांधलेले सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे.